शीग लावलेलं वेटोळं

लाऊडस्पीकर घरी करायला घेऊ नये. घ्यायचाच असेल तर आई, शेजारी आणि सरकार या तिघांना त्याचा पत्ता लागू देऊ नये. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण अठ्ठ्याहत्तर साली माझ्या अंगात एक अस्वस्थपणा शिरला होता. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जायचं ते सुचत नसे. खिडकीत तिकिटावर तारखेचा शिक्का मारता मारता माझं लक्ष उडे आणि नांदेडला जाणाऱ्या माणसाच्या हातात मी परभणीचं तिकीट ठेवी.

पूर्णा आणि परभणी यांच्या दरम्यान एक लहान स्टेशन आहे. तिथं मी बुकिंग क्लार्क होतो. स्टेशनचं नाव सांगत नाही, कारण पुढं सरकारी नियमांचा संबंध येणार आहे आणि माझी पेन्शन अजून चालू आहे.

या अस्वस्थपणाचं मूळ म्हणजे आदल्या वर्षीची बुद्धपौर्णिमा. आमच्या वस्तीतल्या विहारापुढं दरवर्षी संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होतो, आणि त्यात माझी आई तानुबाई स्वतः रचलेलं एक गाणं म्हणते. त्या वर्षी हौसेनं पहिल्यांदाच रंगनाथचा लाऊडस्पीकर भाड्यानं आणला होता. रंगनाथ म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला मंडप, गॅसबत्ती आणि भोंगा या तिन्ही खात्यांचा मंत्री. त्यानं भोंगा लिंबाच्या झाडाला बांधला, आईच्या तोंडापुढं माइक धरला, आणि आईनं पदर नीट करून सुरुवात केली, "उजेडाची वाट गं बाई, माझ्या दारावरनं..." तेवढ्यात वरून लिंबातून तोच आवाज परत आला. पण कसा? नाकात शेंबूड अडकलेल्या शेळीसारखा. आई मध्येच थांबली, वर बघितलं, आणि माइक तोंडापुढंच असताना म्हणाली, "आगं बया, ही कोण वरडायलीय?"

भोंग्यानं हेही सगळ्या गावाला सांगितलं. लोक इतके हसले की विहारापुढची गॅसबत्ती कुणाच्या तरी पायानं पडली.

आईनं गाणं बंद केलं. त्या दिवसापुरतं नव्हे, कायमचं. पूर्वी ती पाखडताना गायची, सारवताना गायची, माझ्या लहान मुलीला झोपवताना गायची. आता सूप नुसतंच वाजायचं. माझी बायको गीता म्हणाली, "आत्याबाई गाईनात तर घरात कुणी आजारी पडल्यावानी वाटायलंय." मी आईला समजावलं की तो दोष भोंग्याचा होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, येंत्राला काय माझ्याशी दुस्मनी हाय व्हय? त्येनं जसं हाय तसं दावलं. इतकी वर्सं लोकायनी सोसलं म्हनायचं."

हे मला सहन होईना. माझ्या आईनं स्वतःच्या गळ्यापेक्षा रंगनाथच्या भोंग्यावर जास्त विश्वास ठेवावा, हा मला माझा, आईचा आणि एकूण मानवजातीचा अपमान वाटला. मी तिथल्या तिथं जाहीर केलं, की पुढच्या पौर्णिमेला तुझा खरा आवाज दाखवणारं यंत्र मी स्वतः तयार करीन. आई म्हणाली, "बघू." तिच्या 'बघू'मध्ये माझ्या लहानपणापासूनची सगळी अर्धवट कामं होती.

परभणीच्या रद्दीवाल्याकडं मला रेडिओच्या कामावरचं एक जुनं मासिक मिळालं. त्यात कमी खर्चात घरी स्पीकर कसा करावा हे चित्रांसहित दिलं होतं. तत्त्व सोपं होतं. मोठा स्पीकर घ्यायचा, त्याला वूफर म्हणतात; तो ढोलकीसारखे जाड आवाज काढतो. छोटा घ्यायचा, त्याला ट्विटर म्हणतात. तो झांजेसारखे बारीक आवाज काढतो. आता कुठला आवाज कुणाकडं जावा हे ठरवायला मध्ये सांधेवाला लागतो. मालगाडी मालधक्क्याकडं, पॅसेंजर फलाटाकडं. या सांधेवाल्याला क्रॉसओव्हर म्हणायचं, आणि तो म्हणजे तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर, बस्स. वेटोळं जाड आवाज सोडतं, बारीक अडवतं. कपॅसिटर त्याच्या उलट. माणसाचा आवाज या दोघांच्या हद्दीवर असतो, म्हणून वेढे मोजून घाला, असं मासिकात ठळक अक्षरांत छापलं होतं. ती ठळक अक्षरं मला अजून आठवतात.

वूफर आणायला परभणीला निघालो तर दत्तराव सोबत आले. दत्तराव आमचे शेजारी, चांगली जमीन बाळगून असलेले शेतकरी. त्यांना स्पीकरमधलं काही कळत नव्हतं. पण बैलबाजारात त्यांच्या पारखीला मान होता, आणि पारख ही एकदा आली की सगळ्याच वस्तूंची येते असं त्यांचं मत. रेडिओच्या दुकानात दुकानदारानं दोन वूफर मांडले. दत्तराव दोन्हींच्या भोवती फिरले. एकाचं लोहचुंबक उचलून बघितलं. "ह्येचा पाठीमागचा भाग भरदार हाय," म्हणाले. मी मासिकातली आकडेवारी दुकानदाराला विचारणार एवढ्यात दत्तरावांनी दुसऱ्या वूफरच्या मधोमध असलेला कागदी फुगा अंगठ्यानं दाबला. बैलाचं वशिंड बघायची त्यांची जुनी सवय. पचक् असा आवाज झाला आणि फुगा आत गेला.

दुकानदारानं फुग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. वूफरची निवड अशी झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण दत्तराव म्हणाले, भावाचं माझ्यावर सोडा. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि त्याखाली त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो. बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. दुकानदार मुळात शहरातला माणूस. कुणीतरी उपरण्याखाली आपला हात धरलाय म्हटल्यावर तो घाबरला आणि त्यानं हात सोडवण्यासाठी मिळतील तेवढी सगळी बोटं दाबली. दत्तराव समाधानानं म्हणाले, "ठरलं." फुगा आत गेलेला स्पीकर आम्ही नव्या स्पीकरपेक्षा चढ्या भावानं घेतला. बाहेर आल्यावर दत्तराव म्हणाले, "मानूस पक्का हाय. शेवटच्या बोटाला हटला न्हाई."

ट्विटर परभणीत नव्हता. तो हैदराबादहून रेल्वे पार्सलनं मागवला. पार्सल आमच्याच स्टेशनवर आलं, मीच ते गाडीतून उतरवून घेतलं, खोक्यावर माझंच नाव होतं. मी खोकं काखेत मारून निघालो तर आमचे स्टेशन मास्तर आडवे आले. मास्तर तिकडचे वरंगलकडचे, नियमाला देव मानणारे.

"रसीद कां है, बाबू?"

"रसीद टपालात आहे साहेब. अजून पोचली नाही."

"रसीद नै तो माल नै. नियम कौन देखता इधर?"

"मीच."

"फिर देखो."

मी माझ्या खिडकीत गेलो आणि नियम बघितला. रसीद नसेल तर माल घेणाऱ्यानं हमीपत्र द्यावं, ओळख पटवून देणारा एक प्रतिष्ठित इसम आणावा, आणि क्लार्कची खात्री पटली पाहिजे. मी खिडकीबाहेर जाऊन मला अर्ज केला. आत येऊन तो वाचला. अर्जदाराला मी ओळखत होतो, पण त्याच्याविषयी माझी खात्री पटत नव्हती. प्रतिष्ठित इसम म्हणून दत्तरावांना आणलं; मास्तर म्हणाले, यांची ओळख कोण देणार? तोपर्यंत दिवस उलटत गेले आणि स्टेशनात पडून राहिलेल्या मालाचा दंड मी मलाच लावत गेलो, वर मला तोंडी ताकीदही दिली. ट्विटर माझ्या टेबलापासून हात पुरेल एवढ्या अंतरावर होता. त्या दिवसांत मी जेवायला बसलो तरी मधूनच उठून उंबऱ्यापर्यंत जाऊन येई. गीता म्हणे, "आवं, बसा की. पार्सल काय पळून जायलंय?" शेवटी टपालानं रसीद आली. मी ती तपासली, कोपरा मळका असल्याबद्दल नापसंती दाखवली आणि माल सोडला.

लाकडी खोकं बन्सीधर सुतारानं केलं. त्याला मी चित्र दाखवलं, मापं सांगितली. त्यानं मान हलवली आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. खोक्याला चार पाय काढले, मागं दार, दाराला कडी आणि कडीला कुलपाची सोय. "चोराचं भ्या नगं," म्हणाला. वूफरपुढं जाळी मारल्यावर ते थेट दुधाचं कपाट दिसू लागलं. गल्लीतली मांजरं त्याच्याभोवती घुटमळू लागली.

राहिलं वेटोळं. जाड तांब्याची तार पूर्णेच्या मोटारी भरून देणाऱ्याकडून आणली, चुकलं तर असावी म्हणून लागेल त्याच्या दुपटीहून जास्त. गीताच्या मोडक्या लाटण्याचा तुकडा घेतला आणि त्यावर दीडशे वेढे घालायला ओट्यावर बसलो. चार वेढे झाले असतील नसतील तोच मालगाडीची घंटा झाली. मी चडफडत उठलो.

आई ज्वारी निवडत होती. म्हणाली, "आन हिकडं. मोजून गुंडाळायचंच हाय न्हवं?"

"दीडशे पाहिजेत, आई. बरोबर दीडशे."

"मला मोजाया शिकवतुस व्हय रं?"

हा प्रश्न रास्त होता. माझे वडील दत्तरावांच्या खळ्यावर धान्याचं माप घालायचे. ते गेल्यावर माप आईच्या हाती आलं. बायकांच्या हाती माप ही नवलाची गोष्ट होती, पण हिच्या मापाला कुणी कधी नाव ठेवलं नाही. मी तिच्या हाती लाटणं दिलं, तारेचं रीळ दिलं आणि पळालो. फाटकातून बाहेर पडताना तिची मोजणी कानावर आली. खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. "लाभ... लाभ... दोन गं दोन... तीन गं तीन..." मला बरं वाटलं.

परत आलो तर वेटोळं तयार. चांगलं गरगरीत झालं होतं.

"एवढं जाड कसं झालं गं?"

"तुजी तारच जाड हाय."

गीतानं ते हातात घेऊन बघितलं. "डोक्यावर हंडा ठिवाया चुंबळ झाक होईल," म्हणाली. मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. रीळ रिकामं होतं. दुपटीहून जास्त आणलेली तार सगळी संपली कशी, हा विचार एखाद्या शहाण्या माणसाच्या मनात आला असता. मी मात्र ते वेटोळं खोक्यात बसवलं आणि त्याच्या दणकट रूपावर खूष झालो.

मग इजाजत. लाऊडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते. कुठल्या ठाण्यात गेलो ते सांगत नाही, मला अजून त्याच रस्त्यानं जावं लागतं. तिथल्या हवालदारांनी विचारलं, "भोंगे किती?"

"भोंगा नाही. लाकडी खोकं आहे."

"खोक्यातनं आवाज येतो?"

"येतो."

"लांब जातो?"

"जातो."

"मग भोंगा हाय."

"नाही हो, भोंगा नाही म्हणूनच तर केलंय."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "हे बघा बाबू. इजाजत भोंग्याला असती. भोंगाच न्हाई तर इजाजत कशाला देऊ? झाडाला? आन् बिगर इजाजत आवाज आला, तर खोकं आन् तुमी, दोगं बी हितं बसताल."

मी विचारलं, मग करू काय? ते म्हणाले, सोपं आहे, एक भोंगा लावा. वाजवा किंवा वाजवू नका, तो तुमचा खाजगी मामला. मी अर्जात एक भोंगा लिहिला.

म्हणजे पुन्हा रंगनाथ. अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक त्याच्याकडूनच घ्यायचे होते, आता भोंगाही आला. "वायर जोडायची न्हाई?" त्यानं विचारलं. "नुस्ता टांगायचा?"

"नुसता."

"मुक्या भोंग्याचं भाडं जास्ती पडंल. त्येला चारचौघांत अपमान सोसावा लागतोय."

माझ्या खोक्याकडं बघून त्यानं कडी काढून दार उघडलं, आत वाकून बघितलं आणि दूध कुठं ठेवायचं असं विचारलं. मोठी कामं करणाऱ्या माणसाला असलं ऐकावंच लागतं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी विहारापुढं चाचणी घ्यायचं ठरवलं. मला वाटलं होतं चार माणसं असतील. सगळी वस्ती जमली. आई विहारासमोरच्याच आमच्या दाराआडून बघत होती. तिनं गायचं कबूल केलं नव्हतं. "आदी दुसऱ्याला बोलू दे त्येच्यातनं," एवढंच म्हणाली होती. आईची ही दाराआडची नजर हेच खरं तर माझं सगळ्यात मोठं संकट होतं.

आधी ढोलकी वाजवली. काय सांगू! खोक्यातून जो धुम्म निघाला तो थेट पोटात उतरला. लोकांनी माना डोलावल्या. मग झांज वाजवली. तीही अशी लख्ख, की वाजवणाऱ्यानं स्वतः दचकून झांजेकडं बघितलं. मी रंगनाथकडं नजर टाकली. तो तंबाखू मळायचा थांबला होता. छाती भरून आली माझी. मी म्हणालो, "दत्तराव, आता तुम्ही दोन शब्द बोला."

दत्तराव माइकपुढं आले. "सर्व समाजबांधवांस सूचना..." असं त्यांचे ओठ म्हणाले. खोक्यातून आलं, "स्स... स्स... धब... स्स." ते पुन्हा बोलले. पुन्हा स्स आणि धब. जणू कुणीतरी दत्तरावांना रजईत गुंडाळून बुकलत होतं आणि बाजूला भाजीला फोडणी बसत होती. दत्तराव घाबरले. "माजा आवाज गेला का रं?" त्यांनी मागं वळून विचारलं, आणि तो मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

रंगनाथनं तंबाखू तोंडात टाकली. "लय भारी येंत्र हाय," म्हणाला. "मानूस सोडून समदं वाजवतंय."

लोक हसले. दाराआडून आई आत निघून गेली. तेवढं मला बघायला नको होतं.

मग सल्ले सुरू झाले. खोक्याला पाय आहेत म्हणून आवाज खालून गळतो. फुगा आत गेलाय, तो तोंडानं ओढून काढा. ऊन लागलं असेल, ओलं फडकं टाका. मी खोकं उचलून घरी आणलं, ओट्यावर ठेवलं, दार उघडलं आणि त्या गरगरीत वेटोळ्याकडं बघत बसलो. मग उठलो. मग पुन्हा बसलो. मासिकातली ठळक अक्षरं डोळ्यांपुढं आली.

"आई," मी विचारलं, "तू वेढे कसे मोजलेस?"

"मोजत्यात तसेच."

"दाखव बरं."

तिनं एक सुतळी घेतली आणि लाटण्याच्या तुकड्यावर वेढा घातला. "लाभ." मग हात न थांबता आणखी एक वेढा घातला.

"हा कुठला?"

"ही शीग."

शीग म्हणजे माप काठोकाठ भरल्यावर वर जी रास चढवतात ती. आईनं प्रत्येक वेढ्याला शीग लावली होती. आणि खळ्यावरच्या रिवाजाप्रमाणं, वीस झाले की वर एक पाखरांचं, एक वाटसराचं. दीडशेच्या जागी आत तीनशेहून जास्त वेढे होते. सांधेवाल्यानं जाड आवाजाची हद्द पार खाली ओढून नेली होती आणि माणसाचा आवाज दोन्ही रुळांच्या मध्ये उभा होता.

"आई, जास्तीचे सोडवायला लागतील."

"सोडवायचे?" ती म्हणाली. "दिल्येलं माप माघारी घ्यायचं?"

"अगं, हे धान्य नाही. तार आहे."

"हात त्योच हाय न्हवं?" तिनं सूप बाजूला ठेवलं. ओट्याखाली दत्तराव उभे होते, ते आहेत हे बघून ती बोलली. "म्या लगीन होऊन आले तवा ह्येंच्याच खळ्यावर कडंला पदर पसरून हुभी ऱ्हायचे. समद्यायचं झाल्यावर खालचं, मातीत मिसळल्यालं, लांबनं टाकायचे. कदी शीग न्हाई. भरल्यालं माप म्हून न्हाई. मग तुज्या बापाच्या हाती माप आलं, मग माज्या. तवापासनं ह्या हातानं कुनालाच शिगंबिगर घातलं न्हाई. आन् आता माज्याच हातानं काढून घे म्हनतुस? न्हाई व्हायचं. तुजं खोकं न्हाई वाजलं तरी चालंल."

दत्तराव खाली मान घालून पायातल्या वहाणेशी काहीतरी करत होते. मला म्हणाले, "आश्रुबा, ऱ्हाऊ दे बाबा. शीग काढू नगं." आणि निघून गेले.

मीही ती काढली नसती. पण संध्याकाळ तोंडावर आली होती, आणि माझ्यापुढं दोनच वाटा होत्या: आईचं वेटोळं सोडवायचं, किंवा आई पुन्हा कधी गाणार नाही हे मान्य करायचं. घरातल्या घरात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की गीतानं सारवण ओलं आहे म्हणून मला बाहेर काढलं. बाहेर लिंबाला मुका भोंगा टांगायचं काम चाललं होतं. रंगनाथचा माणूस तो दोरीनं आवळत होता, वायर नाही, काही नाही. मी बराच वेळ त्या भोंग्याकडं बघत उभा राहिलो. मग घरात गेलो आणि खोक्याचं दार उघडलं.

वेटोळं जिथं होतं तिथंच ठेवलं. एका वेढ्यालाही हात लावला नाही. फक्त त्याच्या अलीकडून पलीकडं एक साधी तार जोडून दिली. आता आवाज वेटोळ्यात न शिरता तारेवरून सरळ वूफरकडं जाणार, जाड, मधला, सगळा. म्हणजे ज्या सांध्यासाठी मी मासिक पाठ केलं, रात्ररात्र तळमळलो, तो माझा क्रॉसओव्हर अर्धा गेला. शास्त्राच्या दृष्टीनं हा पराभव होता. गीतानं मागून वाकून बघितलं आणि दाराची कडी लावली.

"माजं वेटोळं आत हाय न्हवं?" आईनं विचारलं.

"आहे."

"समदं?"

"सगळं. शिगेसकट."

संध्याकाळी चंद्र वर आला तेव्हा विहारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. हवालदार आले. त्यांनी लिंबाकडं बोट करून मोजलं, "एक. ठीक हाय," आणि आवाजावर लक्ष ठेवण्यासाठी बरोबर भोंग्याखाली जाऊन उभे राहिले. वंदना झाली, भाषणं झाली. भाषणं ऐकू आली, हे बघून दत्तरावांनी स्वतःचा घसा खाकरून तपासला.

मग मी आईकडं गेलो. ती पांढरं लुगडं नेसून बायकांत बसली होती. उठली, दोन पावलं आली आणि लिंबाकडं बघून थबकली.

"त्यो हाय की वर!"

"मुका आहे, आई. त्याला तार जोडलेलीच नाही."

"मग कशाला टांगलाय?"

"सरकारसाठी."

हे तिला पटलं. ती माइकपुढं उभी राहिली. तिनं डोळे मिटले.

"उजेडाची वाट गं बाई, माझ्या दारावरनं..."

आणि थांबली.

त्याच जागी. एका अक्षराचा फरक नाही. बायकांमधून कुणीतरी 'च्च' केलं. रंगनाथनं माझ्याकडं बघितलं. मला आता जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं, मी आणि माझं दुधाचं कपाट दोघांनाही. आईनं डोळे उघडले. लिंबाकडं नाही, खोक्याकडं बघितलं. मान जराशी कलती केली, जशी ती माझी मुलगी दुसऱ्या खोलीत हाक मारते तेव्हा करते. माइक तोंडापुढंच होता.

"आगं बया," ती म्हणाली, "ही तर मीच हाय की."

कुणी हसलं नाही. ते शब्द खोक्यातून जसेच्या तसे आले. थोडे घोगरे, थोडे थकलेले, आईचे. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"उजेडाची वाट गं बाई, माझ्या दारावरनं गेली, निजल्या लेकराच्या उशाला पाटी ठिवून गेली..."

मला पुढचं नीट दिसलं नाही. हवालदार भोंग्याखालून कधी सरकले आणि खोक्यापुढं येऊन खाली बसले तेही कळलं नाही. आईनं ते गाणं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथ घरी आला. मी घाईनं ओट्यावर आलो. म्हटलं माणूस मोठा आहे, कौतुक करायला आला. तो माझ्या बाजूनं आत गेला, आईपुढं तारेचं रीळ ठेवलं आणि म्हणाला, "तानुबाई, आमच्या भोंग्याला बी येक वेटोळं करून द्या. तुमच्या हातचं. शीग लावून."

मी तोंड उघडलं. वेटोळ्यातून आवाज जातच नाही, तो वरच्या तारेवरून जातो, भोंग्याला वेटोळ्याचा काडीचा उपयोग नाही, हे सगळं माझ्या जिभेवर होतं. दारातून गीतानं माझ्याकडं अशी काही नजर टाकली की मी तोंड मिटलं.

आईनं लाटण्याचा तुकडा घेतला. "लाभ," म्हणाली आणि वेढे घालू लागली. थोडे वेढे झाले आणि मोजता मोजता ती गाऊ लागली. गाण्यात मोजणी हरवली, तिनं पुन्हा लाभपासून धरली, पुन्हा गाऊ लागली, पुन्हा हरवली. रंगनाथ भिंतीला टेकून बसला होता. किती वेढे झाले हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

पोर्टर गाडीची वर्दी द्यायला आला तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो. गाडी उशिरा आहे, म्हणाला. मी तसाच बसून राहिलो.